वाई : घाटांवरची पायी फेरी

सातारा जिल्ह्यातील वाई या कृष्णाकाठच्या तालुक्याच्या गावी घाट, देवळे आणि आळ्या बघत, वाटाड्या न घेता, आपल्या सवडीने करायची फेरी. गणपती आळीतून निघून घाटाघाटांनी हिंडायचे आणि पुढे मेणवलीपर्यंत जायचे, असा तिचा सर्वसाधारण मार्ग. वाई साताऱ्याच्या उत्तरेला सुमारे ३५ किमी.वर, पसरणी घाटाच्या पायथ्याशी आहे. पाचगणी-महाबळेश्वरला जाणारी बहुतेक मंडळी गणपतीला हात जोडून, चहा पिऊन घाट चढायला लागतात. त्यांना वाई दिसते ती रस्त्याच्या बाजूने. गाव मात्र नदीकडे तोंड करून बसलेले आहे, त्यामुळे ते घाटावर उतरूनच बघावे लागते.

वाईला ‘दक्षिण काशी’ म्हणतात. पांडवांच्या अज्ञातवासातले विराटनगर ते हेच, असेही सांगतात. इतिहासात ती ठळक होते ती आदिलशाहीत. १६४९ पासून अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये प्रतापगडाकडे निघण्यापूर्वी त्याची छावणी वाईलाच होती. पण आज फेरीत जे दगडी गाव दिसते, ते त्याच्यानंतर शंभरेक वर्षांनी उभे राहिलेले आहे आणि त्याचे बहुतेक श्रेय रास्ते घराण्याला जाते. रास्त्यांचे मूळ आडनाव गोखले. भिकाजी नाईक रास्ते यांची मुलगी गोपिकाबाई नानासाहेब पेशव्यांना दिलेली. विश्वासराव, थोरले माधवराव आणि नारायणराव ही तिची मुले. पेशव्यांचे सासर म्हटल्यावर पैसा आला, मान आला आणि तो वाईच्या नदीकाठी दगडांत उतरला. (पुण्याच्या रास्ता पेठेतला ‘रास्ता’ तो हाच, त्याचा रस्त्याशी काही संबंध नाही.)

फेरीची सुरुवात गणपती आळीच्या घाटावरून करावी. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. मूर्ती एकाच काळ्या पाषाणातली आणि अवाढव्य; ‘ढोल्या’ हे नाव त्यावरूनच पडले. दर्शनाची रांग समोरून सरकत असते. पण या इमारतीतले डोके कुठे चालले आहे ते पाहायचे तर दर्शन आटोपून मंदिराला वळसा घालावा आणि मागच्या बाजूला जावे. मंदिर घाटावर, थेट पुराच्या तोंडी बांधलेले आहे. गाभाऱ्याची मागची भिंत सरळ नाही, ती माशासारखी निमुळती होत गेली आहे. पुराचा लोंढा आला की पाणी या टोकावर फुटते, दोन बाजूंनी वाहून जाते आणि भिंतीवर सरळ आदळत नाही. नावेचा पुढचा भाग किंवा पुलाच्या खांबाचे टोक असते तीच युक्ती इथे देवळाला वापरली आहे. मंदिर उंचावर बांधून नदीपासून लांब ठेवणे सोपे होते. बांधणाऱ्याने ते केले नाही, नदीशी जमवून घेतले. वाईतली ही एकच गोष्ट बघून परतायची वेळ आली, तरी फेरी फुकट गेली असे म्हणता येणार नाही.

शेजारचे काशीविश्वेश्वर मंदिर १७५७ चे. ते आनंदराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. तटाच्या आत शिरले की दोन दीपमाळा आणि मधोमध नंदी. हा नंदी घाईने ओलांडून जाण्यासारखा नाही. अखंड काळ्या दगडातला, इतका घोटलेला की मंडपातला उजेड त्याच्या पाठीवर पडून सरकताना दिसतो. गळ्यातली माळ, तिच्या घंटा, पाठीवरची झूल, सगळे दगडात कोरलेले. लोक त्याच्या कानात काहीतरी सांगतात, पाठीवरून हात फिरवतात. गेली अडीचशे वर्षे हात फिरतच आहेत, तेव्हा मूळची घोटाई कुठे संपते आणि हातांची कुठे सुरू होते ते आता सांगता येणार नाही. गावातले महालक्ष्मीचे मंदिरही आनंदराव रास्त्यांचेच, १७७८ मधले. तिथे गर्दी कमी असते, शिखर निवांत बघता येते.

यापुढची फेरी देवळांची नव्हे, आळ्यांची. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी, भीमकुंड आळी, सिद्धनाथवाडी: वाईची वस्ती अशी नदीच्या काठाने आळ्याआळ्यांत मांडलेली आहे आणि आळीला आपला घाट आहे. गावात पत्ता रस्त्याच्या नावाने कमी आणि आळीच्या नावाने जास्त सांगतात. घाट कोणाचा, हे सर्वांत स्पष्ट दिसते ते कृष्णाबाईच्या उत्सवात. थंडी सरता सरता एकामागून एक घाटांवर मांडव पडतात, कृष्णाबाईची मूर्ती बसते, कीर्तने होतात, पंगती उठतात. एका घाटाचा उत्सव संपला की दुसऱ्याचा सुरू. नदीचा उत्सव, पण पाळीने. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून केलेल्या नवसातून तो सुरू झाला अशी गावची परंपरा आहे. त्या दिवसांत फेरी केली तर वास्तू कमी दिसते, वाई जास्त दिसते.

एरवी घाटांवर जावे ते सकाळी. धुणी आपटल्याचे आवाज, पाण्यात पाय सोडून बसलेले कोणी, पायऱ्यांवर वाळत घातलेली लुगडी. घाटाच्या पायऱ्या नीट पाहिल्या तर खालच्या पायऱ्यांचे दगड वरच्यापेक्षा जास्त झिजलेले, गुळगुळीत दिसतात. पावसाळ्यात या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. चपला हातात घ्याव्यात आणि शहाणपणा करू नये.

गंगापुरीत एक साधी इमारत आहे. बहुतेक फेऱ्यांत ती वगळली जाते, पण वगळू नये. मराठी विश्वकोशाचे कार्यालय तिथे आहे. राज्याच्या या ज्ञानकोशाचे काम मुंबई-पुण्यात न होता वाईत झाले, याचे कारण प्राज्ञपाठशाळा. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे केवलानंद सरस्वती, यांनी तिची १९१६ मध्ये स्थापना केली. विनोबा भावे तिथे शिकायला येऊन राहिले होते. याच पाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी विश्वकोशाचे प्रमुख संपादक झाले आणि कोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. 

वाईहून साधारण तीन किमी.वर मेणवली. पायी जाता येते, उन्हात रिक्षा करावी. नाना फडणविसांचा सहा चौकांचा वाडा इथे आहे. लाकडी खांब, भिंतींवरची जुनी चित्रे. चित्रीकरणामुळे अनेकांना तो न पाहताच ओळखीचा वाटतो. वाडा नानांच्या वंशजांकडे आहे, तेव्हा विचारून आत जावे. नानांचे प्रचंड दप्तर, ‘मेणवली दप्तर’ म्हणून अभ्यासकांना माहीत असलेले, इथलेच.

वाड्याच्या मागून घाटावर उतरता येते. घाट अर्धचंद्रासारखा वळलेला, काठावर महादेवाचे आणि विष्णूचे मंदिर. महादेवाच्या देवळाजवळ छोट्या दगडी कोनाड्यात एक भली मोठी घंटा टांगलेली आहे. जवळ जाऊन पाहिले तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आणि १७०७ हे साल ओतलेले दिसते. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीज चर्चांतल्या घंटा देशावर आल्या आणि देवळांना दिल्या गेल्या. भीमाशंकरला आणि नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातही अशाच घंटा आहेत. पण नारोशंकराची घंटा उंचावर आहे. मेणवलीची घंटा हाताच्या अंतरावर आहे, मेरीचा चेहरा बोटांनी चाचपता येतो. दगडी देवळाच्या दारात ओतीव धातूची ही घंटा मुळीच उपरी वाटत नाही, हे विशेष.

हौस आणि वेळ असेल त्यांनी आणखी वर, धोमला जावे. कृष्णेवरच्या धोम धरणाने खालच्या घाटांचे गणित बदलले आहे. नदी किती वाहायची हे आता बरेचसे वर ठरते. पण गावातली देवळे जुनीच आहेत. महादेवासमोरच्या नंदीसाठी कमळाच्या आकाराचे दगडी कुंड केले आहे. कुंडात दगडी कासव आणि कासवाच्या पाठीवर नंदी. कुंडात पाणी सोडले की कासव बुडायला लागते आणि नंदी पाण्यावर तरंगतो आहे असे वाटते.