‘प्लस सी’मागची दीडशे वर्षं

बारावीची परीक्षा जवळ आली की नौपाड्यातल्या आमच्या क्लासमध्ये एक तक्रार ठरलेली असते. “सर, उत्तर बरोबर आहे, नुसता प्लस सी राहिला. त्याचा मार्क कशाला कापायचा?” प्रश्न रास्त आहे. समाकलनाच्या (इंटिग्रेशनच्या) उत्तराला शेवटी जोडायचा स्थिरांक म्हणजे हा ‘सी’. म्हणून त्याची गोष्ट नीट सांगायला हवी.

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलमध्ये डोळे मिटून बसा. क्षणाक्षणाचा वेग कळत राहिला, तर किती अंतर कापलं ते काढता येईल. पण चढलात कुठे हेच माहीत नसेल, तर आत्ता ऐरोली आलं की तुर्भे, ते सांगता येणार नाही. वेग म्हणजे अवकलज (बदलाचा दर), गाडीची जागा म्हणजे प्रतिअवकलज (त्या दरावरून उलट शोधलेली मूळ राशी) आणि चढल्याचं स्टेशन म्हणजे ‘सी’. न्यूटनने १६६६च्या टिपणात हाच विचार केला होता: वेगांमधलं नातं दिलंय, त्यावरून अंतरांमधलं नातं शोधा.

जर्मन गणिती लायब्निट्स याच विषयाकडे बेरजेच्या वाटेने आला. २९ ऑक्टोबर १६७५ रोजी त्याने बेरजेसाठीच्या लॅटिन शब्दाचं पहिलं अक्षर, लांब ओढलेला ‘एस’, कागदावर लिहिला. आपण आजही तीच खूण काढतो. ती छापून आली १६८६मध्ये. ‘इंटिग्रल’ हा शब्द याकोब बर्नुलीने १६९०मध्ये छापील लेखात वापरला. पुढे ऑयलरच्या १७६८च्या ग्रंथात समाकलन म्हणजे अवकलनाची उलट क्रिया, अशीच मांडणी आहे.

आता खरी मेख. एक्स वर्ग, एक्स वर्ग अधिक पाच, एक्स वर्ग वजा सात, या सगळ्यांचा अवकलज २एक्स. इथवर पोरांना लगेच पटतं. पण ज्याचा अवकलज २एक्सच येतो, असं अगदी वेगळ्या वळणाचं एखादं फलन (फंक्शन) कुठे दडलेलं नसेल कशावरून? मला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो. ‘सी’ मिळवला की सगळी उत्तरं हाती आली, हे दीर्घकाळ गृहीत धरलं जात होतं. फ्रेंच गणिती कोशीने १८२३च्या पॅरिसमधल्या व्याख्यानांत ते सिद्ध करायला घेतलं. दोन प्रतिअवकलजांची वजाबाकी घ्या. तिचा अवकलज सगळीकडे शून्य. ती वजाबाकी दोन ठिकाणी वेगवेगळी भरली, तर मध्यमान प्रमेयानुसार (दोन ठिकाणांमधल्या सरासरी दराइतका दर मधे कुठेतरी येतोच) मधे कुठेतरी अवकलज शून्य नसणार. तसं होत नाही, म्हणून ती स्थिरच. बोर्डाच्या उत्तरपत्रिकेतला ‘सी’ या युक्तिवादावर उभा आहे.

फक्त मधे खंड नको. एक भागिले एक्सचं समाकलन घेतलं, तर शून्यापाशी रूळच तुटतो. डावीकडचा ‘सी’ वेगळा, उजवीकडचा वेगळा. बहुतेक पुस्तकांत दोघांचा मिळून एकच छापतात. मी फळ्यावर दोन लिहितो.