स्ट्रॉबेरीला आढी चालत नाही

आंबा कच्चा उतरवून आढीत घातला तरी पिकून गोड होतो. केळीच्या घडाचेही तसेच. या फळांत पिष्टाचा साठा असतो आणि तोडल्यावर इथिलीन वायूच्या इशाऱ्याने त्याची साखर होते. स्ट्रॉबेरीत असा साठा जवळपास नसतोच. तिची साखर पानांत तयार होऊन देठातून येते. देठ तुटला की आवक बंद. नंतर फळ लाल होईल, मऊ पडेल, गोड मात्र होणार नाही. दूरवर पाठवायची फळे वाटेत चेंगरू नयेत म्हणून पुरता रंग भरण्याआधीच तोडतात. हंगामात जवळच्या मळ्यातून आलेले फळ झाडावरच पिकलेले असण्याची शक्यता जास्त, म्हणून ते शोधावे.

घेताना हिरव्या टोपीखाली पाहा. तिथे पांढरा पट्टा असेल तर बहुतेक वेळा फळ लवकर तोडलेले असते. (काही जातींचे खांदे पिकल्यावरही फिके राहतात, म्हणून वासही घ्या. बंद डब्यातूनही सुगंध आला पाहिजे.) आकारावर जाऊ नका, मोठे फळ गोडच असते असे नाही. डबा उलटा करून तळ बघायला विसरू नका. रस पाझरलेला दिसला तर तो डबा घेऊ नका.

वेडीवाकडी फळे टाकाऊ नसतात. आपण ज्यांना बिया म्हणतो ते पिवळे दाणे खरी फळे आहेत, प्रत्येकात एक बी. लाल गर म्हणजे फुगलेले पुष्पासन, म्हणजे देठाच्या टोकाचा फूल ज्यावर बसते तो भाग. त्याला फुगायला लावणारे ऑक्सिन हे संप्रेरक या दाण्यांतून येते. परागण नीट न झाल्याने एका बाजूचे दाणे धरले नाहीत, तर ती बाजू खुरटते. चवीचे त्यात काही बिघडत नाही.

घरी आणल्यावर होणारी नेहमीची चूक म्हणजे लगेच धुणे. ओल राहिली की करडी बुरशी फोफावते. ही बुरशी इतकी चिवट की शून्य अंशाजवळही हळूहळू वाढतच राहते, आणि एका फळावरून शेजारच्या फळावर सहज जाते. आधी ठेचलेली फळे वेगळी काढून त्याच दिवशी संपवा. उरलेली, टोपी न काढता, कोऱ्या कागदावर एका थरात पसरून फ्रिजमध्ये ठेवा. झाकण घट्ट लावू नका.

तीन-चार दिवस टिकवायची असतील तर गरम पाण्याची युक्ती करून बघण्यासारखी आहे. 52 अंश सेल्सिअसच्या पाण्यात फळे 30 सेकंद बुडवा, लगेच काढून पसरा, पूर्ण कोरडी करा आणि मग गार जागी ठेवा. पृष्ठभागावरची बरीचशी बुरशी मरते. तापमापी हवीच, पाणी जास्त तापले तर फळ शिजू लागते. गार फळे एकदम ढीगभर टाकली तर पाणीच थंड होते, म्हणून थोडी थोडी घ्या.

धुवायचे ते खाण्याआधी, वाहत्या पाण्याखाली, टोपीसकट. टोपी आधी काढली तर त्या खळग्यातून पाणी गरात शिरते आणि चव पातळ होते. फळे अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढून ठेवा. स्ट्रॉबेरीचा स्वाद बराचसा फ्युरानिओल आणि एस्टर गटातल्या उडून जाणाऱ्या संयुगांचा असतो, आणि थंडीत ती नाकापर्यंत कमीच पोहोचतात. फ्रिजमधून थेट तोंडात टाकलेल्या फळाचा आंबटपणा तेवढा कळतो.

आंबट निघालीच तर अर्धा किलो फोडींवर दोन मोठे चमचे साखर भुरभुरून अर्धा तास ठेवा. परासरणाने पेशींतले पाणी बाहेर येऊन पाक सुटतो. तासन्‌तास ठेवले तर फोडी लिबलिबीत होतात.

गोठवायची असल्यास धुऊन, कोरडी करून, टोपी काढून ताटात सुटी सुटी गोठवा, मग पिशवीत भरा. नाहीतर एकच गोळा होतो. बर्फाचे स्फटिक पेशीभित्ती फोडतात, त्यामुळे वितळल्यावर तो कडकपणा परत येत नाही. अशी फळे मिल्कशेक किंवा जॅमसाठीच ठेवा.