दर शंभर वर्षांनी महामारी येते का?

"1720 प्लेग, 1820 कॉलरा, 1920 स्पॅनिश फ्लू, 2020 कोरोना. दर शंभर वर्षांनी महामारी येतेच!" ठाण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर हा मजकूर अजून फिरतो. आकडे इतके नीट बसतात की तो खरा वाटणं साहजिक आहे.

एकेक साल तपासू. मार्सेचा प्लेग 1720चाच, पण तो दक्षिण फ्रान्सबाहेर फारसा गेला नाही. कॉलऱ्याची पहिली मोठी साथ बंगालमध्ये 1817 साली सुरू झाली. फ्लू मुंबईत आला 1918च्या जूनमध्ये. सप्टेंबर-ऑक्टोबरची दुसरी लाट कितीतरी जीवघेणी होती. कोरोनाचे पहिले रुग्ण 2019च्या डिसेंबरमधले. थोडक्यात, सालं ओढूनताणून जुळवली आहेत.

शिवाय मधल्या साथी गाळल्या आहेत, आणि मला हे जास्त गंभीर वाटतं. शेजारच्या मुंबईत 1896 साली प्लेग आला. पडताळायचं तर साथरोग कायद्याचं साल बघा: 1897. तो याच प्लेगमुळे झाला. पुढे फ्लूच्या जागतिक साथी 1957, 1968 आणि 2009 मध्येही आल्या.

आता थेट 2120पर्यंत काळजी नाही, असं मानून चालणार नाही. प्राण्यांतला जंतू माणसात शिरला, विषाणू बदलला, की साथ कधीही उठू शकते. म्हणून तापाच्या रुग्णांची नोंद आणि लसीकरण साथ नसतानाही चालू राहायला हवं.