नेदरलँड्सच्या नळातून क्लोरीन कसा गेला

नेदरलँड्समध्ये नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत नाही, कारण त्यात तो नसतोच. २००५ पासून तिथे नेहमीच्या शुद्धीकरणातून क्लोरीन पूर्ण बाद झाला.

ॲमस्टरडॅमला नळाचं पाणी आलं १८५३ मध्ये, हार्लेमजवळच्या समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांतून. सुरुवातीला वेशीवर बादलीमागे एक सेंट मोजावा लागे. कंपनी खासगी होती. १८९६ मध्ये पालिकेने ती ताब्यात घेतली. उपसा वाढला तसं टेकड्यांखालचं गोडं पाणी आटून खालचं खारं पाणी वर चढू लागलं. म्हणून १९५७ पासून ऱ्हाइन नदीचं पाणी आधी गाळून त्याच वाळूत मुरवलं जातं.

कलाटणी मिळाली ती १९७४ मध्ये. नदीच्या पाण्यातल्या सेंद्रिय अंशांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरोफॉर्मसारखी घातक संयुगं बनतात, हे रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनतज्ज्ञ योहानेस रूक यांनी दाखवलं. मग विचारच उलटा झाला: नळांत जंतू मारत बसण्यापेक्षा त्यांना उपाशी ठेवायचं. त्यांना पचणारा कार्बन लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या खाली आणायचा.

ॲमस्टरडॅमच्या लायडाउन केंद्रात टेकड्यांतून आलेलं पाणी आधी जलद वाळूगाळणीतून जातं. मग ओझोन वायू, कठीणपणा (विरघळलेला चुना) कमी करणं, सक्रिय कोळसा (अशुद्धी शोषणारा सच्छिद्र कोळसा) आणि शेवटी संथ वाळूगाळणी. इथे क्रम महत्त्वाचा. ओझोन जंतू मारतो, पण मोठे रेणू तोडून उरलेल्या जंतूंसाठी आयतं अन्नही तयार करतो. ते कोळशावर वाढणाऱ्या जीवाणूंनी तिथेच फस्त करायचं असतं. कोळशाची पायरी वगळली तर ओझोन फायद्याऐवजी तोट्याचा.

एवढं करूनही जलवाहिन्या ढिसाळ असतील तर सगळं व्यर्थ. आगीच्या बंबांचा विचार करून टाकलेल्या जाड नळांत पाणी रेंगाळतं, गाळ बसतो. म्हणून वस्तीतल्या नव्या वाहिन्या बारीक आणि फाटे फुटत जाणाऱ्या टाकतात; दिवसातून एकदा तरी वेग सेकंदाला ०.४ मीटर गाठला की गाळ आपोआप वाहून जातो. गळती साधारण ५ टक्के. ती कमी ठेवण्यात निव्वळ काटकसर नाही: दाब पडला की गळतीच्या भोकातूनच बाहेरची घाण आत ओढली जाते, आणि तिला मारायला नळात क्लोरीन नाही. दुरुस्तीनंतर वाहिनी धुऊन ई. कोलायसाठी (विष्ठेची घाण शिरल्याची खूण असलेला जीवाणू) नमुने तपासले जातात.

पाणीपुरवठा आता दहा सार्वजनिक मालकीच्या कंपन्यांकडे आहे. २००४ च्या कायद्याने खासगीकरणाची वाट बंद केली. गटारं नगरपालिकांकडे, सांडपाण्यावरची प्रक्रिया जलमंडळांकडे, म्हणजे पाणी सांभाळणाऱ्या प्रादेशिक सरकारी संस्थांकडे. ॲमस्टरडॅममध्ये मात्र २००६ पासून हे सगळं एकाच संस्थेकडे आहे.

नवी डोकेदुखी उन्हाळ्याची. नळाचं पाणी २५ अंशांच्या वर जाऊ नये असा नियम आहे, कारण कोमट पाण्यात लिजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जीवाणू फोफावतो. पण शहरातल्या वाहिन्या जेमतेम मीटरभर खोल, आणि वरचा रस्ता तापलेला.