गुन्हाकबुलीनंतरही अज्ञात राहणारा खुनाचा हेतू

खुनाचा आरोपी न्यायालयात गुन्हा कबूल करतो, त्याला जन्मठेप होते, प्रकरण बंद होते; पण खून का केला हे नोंदीत कुठेच येत नाही. तपासातली ढिलाई हे याचे कारण असेलच असे नाही. कबुली नोंदवताना न्यायालयाला जे विचारणे बंधनकारक असते, त्यात ‘का’ हा प्रश्नच नसतो. सरकारी पक्ष आणि आरोपी यांच्यात शिक्षेबाबत करार होऊन खटला टळतो अशा देशांत, विशेषतः अमेरिकेत, ही गोष्ट ठळकपणे दिसते.

आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी १३ नोव्हेंबर २०२२ च्या पहाटे विद्यापीठातील चार विद्यार्थ्यांचा भाड्याच्या घरात चाकूने खून झाला. डिसेंबरअखेर ब्रायन कोहबर्गर या गुन्हेगारीशास्त्राच्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला अटक झाली. खटला उभा राहण्याच्या सुमारे महिनाभर आधी, २ जुलै २०२५ रोजी, त्याने बॉइझी येथे गुन्हा कबूल केला. मोबदल्यात सरकारी पक्षाने फाशीची मागणी सोडली आणि आरोपीने अपिलाचा हक्क सोडला. न्यायाधीश स्टीव्हन हिप्लर यांनी त्याला कराराच्या अटी समजल्या आहेत का, कबुली स्वेच्छेने आहे का हे विचारले. मग एकेका मृताचे नाव घेऊन, हा खून ठरवून केला का, असे विचारले. उत्तरे ‘हो’ एवढीच होती. खुलासा करण्याची अट करारात नव्हती. २३ जुलैला चार सलग जन्मठेपा आणि घरफोडीबद्दल दहा वर्षे अशी शिक्षा झाली, तेव्हा बोलण्याची संधी त्याने नम्रपणे नाकारली. आरोपी आणि मृत यांच्यात आधीचा कोणताही संबंध पोलिसांना सापडलेला नव्हता.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर यात काही राहून गेले नाही. खुनाच्या आरोपाचे घटक ठरलेले आहेत: मृत्यू आरोपीच्या कृतीने झाला, कृती बेकायदा होती, मारण्याचा इरादा होता आणि प्रथम श्रेणीच्या खुनात पूर्वनियोजनही होते. इरादा म्हणजे ‘मारायचेच होते का’. हेतू म्हणजे ‘मारावेसे का वाटले’. पहिला सिद्ध करावाच लागतो, दुसरा नाही. अपवाद ठरतात ते वंशद्वेषातून किंवा सुपारी घेऊन केलेल्या खुनासारखे किंवा दहशतवादासारखे आरोप, कारण तिथे हेतू हा आरोपाचा किंवा शिक्षेच्या मोजमापाचाच भाग असतो. खटला चालला असता तर सगळे उलगडले असते, ही समजूतही तपासून घ्यावी लागते. सरकारी वकील ज्यूरीपुढे हेतूचा अंदाज मांडतात, पण ज्यूरीचा निकाल ‘दोषी’ किंवा ‘निर्दोष’ एवढाच येतो.

गुन्हा कबूल केला म्हणजे गप्प राहण्याचा हक्क संपला, असेही नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये मिचेल खटल्यात ठरवले की कबुलीनंतरही शिक्षेच्या सुनावणीत आरोपी मौन पाळू शकतो आणि त्या मौनावरून गुन्ह्याच्या तपशिलांबाबत त्याच्याविरुद्ध निष्कर्ष काढता येत नाही. शिक्षेपूर्वी बोलणे हा आरोपीचा हक्क आहे, कर्तव्य नव्हे. त्याही आधी, १९७० च्या अल्फर्ड खटल्यात याच न्यायालयाने आणखी पुढची गोष्ट मान्य केली होती: पुरावा भक्कम असेल तर ‘मी निर्दोष आहे, पण शिक्षा स्वीकारतो’ असे म्हणणाऱ्याचीही कबुली चालते. अशा आरोपीकडून हेतू कळण्याचा प्रश्नच उरत नाही.

मग करारातच खुलाशाची अट का घालत नाहीत? घालता येते, पण ती पाळली गेली की नाही हे ठरवणे कठीण असते. प्रेत कुठे पुरले हे खोदून पडताळता येते, मनात काय होते हे नाही. आरोपी खोटे बोलला असे सरकारी पक्षाला वाटले तर करारभंगाचा वाद उभा राहतो आणि ज्या खटल्यापासून मृतांच्या कुटुंबांची सुटका करायची होती, तोच पुन्हा दारात येतो. बचाव पक्षाचे वकीलही अशिलाला गप्प राहण्याचाच सल्ला देतात, कारण बोलण्यातून दुसऱ्या गुन्ह्याचा किंवा दुसऱ्या राज्यातल्या खटल्याचा धागा निघू शकतो. हिप्लर यांनीही शिक्षा सुनावताना सांगितले की आरोपीला बोलायला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही आणि तो बोललाच तर ते खरे कशावरून मानायचे.

ही शंका रास्त आहे. वॉशिंग्टन राज्यातील गॅरी रिजवे याने फाशी टाळण्यासाठी महिनोन्‌महिने पोलिसांना माहिती दिली आणि नोव्हेंबर २००३ मध्ये ४८ खून कबूल केले. त्याने कारणही दिले: वेश्यांचा द्वेष. पण अशा एका वाक्याने काही उलगडले असे म्हणणे कठीण आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनाबाबत उलटे झाले. जेम्स अर्ल रे याने १० मार्च १९६९ रोजी मेम्फिसमध्ये गुन्हा कबूल केला, ९९ वर्षांची शिक्षा घेतली आणि तीनच दिवसांत कबुली मागे घेण्याचा प्रयत्न सुरू केला. तो १९९८ मध्ये तुरुंगवासातच मरण पावला. द्वेष, पैशाचे आमिष की कट, हा वाद त्याच्यामागेही चालू राहिला.

इंग्लंडमध्ये कबुलीनंतर शिक्षेवर परिणाम करणारे तथ्य वादात असेल तर न्यायाधीश ज्यूरीविना त्याच मुद्द्यावर पुरावा ऐकू शकतात. १९८२ च्या न्यूटन खटल्यावरून ही पद्धत ओळखली जाते. मात्र तिथेही शिक्षेपुरतेच तपासले जाते. साउथपोर्ट येथे २९ जुलै २०२४ रोजी तीन मुलींचा खून करणाऱ्या ॲक्सेल रुडाकुबाना याने जानेवारी २०२५ मध्ये गुन्हा कबूल केला. किमान ५२ वर्षे भोगायची जन्मठेप झाली, पण विचारसरणीचा हेतू सिद्ध न झाल्याने हल्ल्याला दहशतवादी कृत्य म्हणता आले नाही.

भारतात ही वाट बरीच अरुंद आहे. शिक्षेच्या वाटाघाटीची तरतूद २००६ पासून असली तरी ती सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरती आहे; खून त्यात बसत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५२ नुसार सत्र न्यायाधीश कबुलीवर दोषी ठरवू शकतात, पण ते त्यांच्या विवेकावर सोडले आहे आणि खुनाच्या खटल्यात पुरावा नोंदवण्याकडेच न्यायालयांचा कल असतो. मुंबईवरील हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाबने जुलै २००९ मध्ये अचानक कबुली दिली, तेव्हा न्यायाधीश एम. एल. ताहिलियानी यांनी ती नोंदवून घेतली, पण संपूर्ण कबुली न मानता खटला पुढे चालवला. निकाल मे २०१० मध्ये लागला. हेतू सिद्ध करण्याची सक्ती मात्र भारतातही नाही. साक्ष अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे तो पुरावा म्हणून ग्राह्य आहे. परिस्थितिजन्य पुराव्याच्या खटल्यात त्याला वजन येते, प्रत्यक्षदर्शी विश्वासार्ह असेल तर हेतूच्या अभावाने खटला कोसळत नाही.

हेतूचा शोध घेणाऱ्याने म्हणून कबुलीच्या सुनावणीपेक्षा इतर कागद पाहावेत: शिक्षेपूर्वी तयार होणारा आरोपीच्या पार्श्वभूमीचा अहवाल, जो बहुधा गोपनीय राहतो, फोन आणि संगणकाच्या तपासणीचे निष्कर्ष, आणि प्रकरण संपल्यावर खुली होणारी पोलिसांची फाईल. मॉस्को पोलिसांनी शिक्षेनंतर शेकडो पाने प्रसिद्ध केली. त्यांत साक्षीदारांचे जबाब आहेत, तपासाचा क्रम आहे. त्या घरात कोहबर्गर का शिरला याचे उत्तर नाही.