रस्ता खणताय तर पाण्यालाही जागा ठेवा

नवी मुंबईतल्या कुठल्याही मोठ्या रस्त्याचा डिव्हायडर बघा, झाडं लावलेली माती रस्त्यापेक्षा चांगली फूटभर उंच असते आणि दोन्ही बाजूंना काँक्रीटचा कठडा. पाऊस आला की त्यातली माती धुऊन रस्त्यावर येते, पण रस्त्यावरचं पाणी त्या मातीपर्यंत कधीच पोचत नाही. म्हणजे माती आहे, झाडं आहेत, पाऊस तर भरपूर आहे, फक्त लेव्हल उलटी आहे. ही लेव्हल सुलटी केली तर काय होतं ते सांगायचंय, कारण सध्या बऱ्याच सेक्टरमध्ये डांबरी रस्ते काढून काँक्रीटचे करतायत आणि काँक्रीट एकदा पडलं की पुढची पंचवीस-तीस वर्षं कोणी हात लावत नाही.

गोष्ट साधी आहे. रस्त्याच्या कडेला मीटरभर रुंद पट्टा खोल ठेवायचा, कर्बच्या (रस्त्याच्या कडेच्या) दगडात मधेमधे खाचा सोडायच्या म्हणजे पाणी गटारात जायच्या आधी त्या पट्ट्यात उतरेल. पट्ट्यात वर झाडं, खाली अर्धा-पाऊण मीटर मुद्दाम बनवलेली माती (जास्त रेती, थोडं कंपोस्ट), त्याखाली खडी, आणि खडीत भोकं पाडलेला पाइप जो शेवटी नेहमीच्या गटारालाच जोडलेला असतो. पट्टा भरला तर वरचं पाणी ओव्हरफ्लोच्या जाळीतून थेट गटारात जातं. अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात २००३ साली सिस्कियू नावाच्या साध्या रहिवासी रस्त्यावर पार्किंगची थोडी जागा कापून असे दोन पट्टे केले, प्रत्येकी साधारण १५ मीटर लांब आणि २ मीटर रुंद, आणि पुढे तेच जगभर नमुना म्हणून दाखवलं जाऊ लागलं.

आता लगेच कोणीतरी म्हणणार, तिकडचा पाऊस वेगळा, आपल्याकडे कोसळतो. बरोबर आहे, म्हणून हिशोबच करू. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. आपला सेक्टरमधला रस्ता २०० मीटर लांब, १० मीटर रुंद धरा, म्हणजे २,००० चौरस मीटर. तासाभरात ५० मिमी पडला तर झालं १ लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे दहा टँकर, आणि यात सोसायट्यांच्या आवारातून येणारं पाणी धरलेलंच नाही. दोन्ही बाजूंनी मीटरभर पट्टा, पण गेट आणि पार्किंगमुळे निम्मीच लांबी मिळाली तरी २०० चौरस मीटर होतात. त्यात वर १५ सेंटिमीटर पाणी थांबलं तर ३० हजार लिटर, आणि ६० सेंटिमीटर मातीच्या पोकळ्यांत वीस टक्क्यांच्या हिशोबाने आणखी २४ हजार. एकूण ५४ हजार, म्हणजे त्या रस्त्यावरचा पहिला २५ मिमीच्या आसपासचा पाऊस पट्ट्यात मावतो. सगळा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला तसला दिवस आला तर हे पट्टे काही वाचवणार नाहीत आणि तसं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

मग निम्म्याचा उपयोग काय, तर वेळ. गटार कमी पडतं ते दिवसभराच्या पाण्याला नाही, ठरावीक वीस-तीस मिनिटांना कमी पडतं, जसं वाशी स्टेशनचा जिना दिवसभर पुरतो पण लोकल रिकामी झाली की दोन मिनिटं पुरत नाही. काँक्रीटवरून जवळजवळ सगळं पाणी लगेच वाहून जातं आणि सगळ्या गल्ल्यांचं एकाच वेळी मोठ्या नाल्यात येतं. पट्ट्यातून तेच पाणी तासन् तास झिरपत झिरपत येतं. आणि आपल्याकडे तर वर भरती आहे. वाशी, बेलापूर वगैरे भागात खाडीची पातळी चढली की पाणी बाहेर जाऊच शकत नाही, म्हणून तर सिडकोने शहर वसवताना डच पद्धतीचे होल्डिंग पाँड केले, भरतीला दारं बंद, पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की दारं उघडून खाडीत. मला वाटतं हे शहराच्या रचनेतलं सगळ्यात शहाणं काम आहे, आणि आज या पाँडमध्ये गाळ साचून जागा कमी झालीय. रस्त्याकडेचा पट्टा म्हणजे त्याच कल्पनेची छोटी आवृत्ती, फक्त पाणी पाँडपर्यंत पोचायच्या आधीच थांबवलेलं, आणि गाळही वरच अडलेला.

दुसरा फायदा मला जास्त महत्त्वाचा वाटतो आणि त्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. पहिल्या पावसाचं पाणी सगळ्यात घाण असतं, ऑइल, ब्रेकची धूळ, तांबं, जस्त, टायरची झीज. सिअ‍ॅटल या अमेरिकन शहराच्या आसपासच्या ओढ्यांमध्ये कोहो सामन मासे अंडी घालायच्या आधीच मरत होते, वर्षानुवर्षं कारण कळेना. २०२० मध्ये संशोधकांनी शोधलं की टायर तडकू नयेत म्हणून रबरात ६पीपीडी नावाचं रसायन घालतात, त्याचा हवेतल्या ओझोनशी संयोग होऊन जे नवीन रसायन बनतं ते या माशांना मारतं. त्याच्याही आधी, नेमकं विष माहीत नसतानाच, दुसरा प्रयोग झाला होता, हायवेचं पाणी रेती-कंपोस्टच्या थरातून गाळून त्यात मासे सोडले तर ते जगले! आपल्या खाडीत सामन नाहीत, पण ठाणे खाडी २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, फ्लेमिंगो येतात, कोळी बांधव अजून जाळं टाकतात, आणि गटारांवर असलं काही गाळणं नसल्याने रस्त्यावरचं सगळं सरळ तिथे जातं.

अडचणी आहेतच. खाडीकाठच्या नोडमध्ये भरावाखाली चिकण गाळ आहे, भूजलही वरच असतं, तिथे पाणी जमिनीत मुरेल ही आशा सोडा, खालचा पाइप लागणारच. पारसिकच्या डोंगराच्या बाजूला मुरूम लागला तर थोडं मुरेलही. डासांची भीती वाजवी आहे, पण डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा लागतो आणि नीट बांधलेला पट्टा एक-दोन दिवसांत कोरडा होतो. झाडं मात्र विचार करून लावायला हवीत, चार महिने पाय पाण्यात आणि आठ महिने पाण्याविना, वाळा हे सहन करतो, नर्सरीतली शोभेची झाडं करत नाहीत. आणि पेव्हर ब्लॉक बसवले म्हणजे पाणी मुरतं हा गैरसमज आहे, खाली पीसीसी (साधं काँक्रीट) घातलेलं असेल तर काही मुरत नाही.

खरी मेख देखभालीत आहे. पाणी जिथून आत येतं तिथे खडबडीत छोटी कुंडी करतात, गाळ आणि गुटख्याच्या पुड्या तिथेच अडकाव्यात म्हणून. ती कुंडी जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी उपसली नाही तर खाच बुजते आणि पाणी पूर्वीसारखं सरळ गटारात जातं. मे महिन्यातल्या एका नालेसफाईत हे बसत नाही, म्हणून ते काम रस्त्याच्या टेंडरमध्येच, दोषदायित्वाच्या काळात (काम बिघडलं तर ठेकेदारानेच दुरुस्त करायचं तो काळ) ठेकेदाराकडे असायला हवं, बाजूला वेगळ्या ओळीत, वेगळ्या रकमेसकट. आपल्या गल्लीचं काम निघालं की वॉर्ड ऑफिसात जाऊन रस्त्याचा आडवा छेद (रस्ता आडवा कापला तर काय किती उंचीवर आहे ते दाखवणारं चित्र) मागा आणि हिरव्या पट्ट्याची लेव्हल रस्त्याच्या वर दाखवलीय की खाली तेवढं बघा, वर असेल तर काँक्रीट पडायच्या आधी लेखी हरकत द्या.