जेट तोच, पेट्रोल बदललं: सोलापूरच्या जुन्या गाड्यांच्या कार्बोरेटरची पार्श्वभूमी

जानेवारीत, गड्डा यात्रेच्या दिवसांत, सोलापूरच्या गॅरेजांत जुन्या गाड्यांची एक तक्रार हमखास येते: सकाळी चोक ओढूनही लवकर सुरू होत नाही, रेस दिली की मिसिंग मारते, ॲव्हरेज पडलंय. मालकाला नवा कार्बोरेटर बसवायचा असतो. मेकॅनिक म्हणतो, हल्ली पेट्रोलच तसलं येतंय. पारडं मेकॅनिकचं जड आहे.

इंजिनासाठी हवेत पेट्रोल मिसळून देणाऱ्या कार्बोरेटरमागची कल्पना जुनी आणि साधी. १८९३ मध्ये हंगेरीत बांकी आणि चोंका यांनी त्याचं पेटंट घेतलं; त्याच सुमारास जर्मनीत मायबाख याच वाटेवर होता. हवा अरुंद गळ्यातून गेली की तिचा वेग वाढतो, दाब घटतो आणि खालच्या वाटीतलं पेट्रोल जेटमधून, म्हणजे पितळेच्या बारीक भोकातून, वर ओढलं जातं. किती पेट्रोल जायचं हे त्या भोकावर ठरतं. भोक कारखान्यात एकदाच पडतं, आणि ते त्या काळच्या पेट्रोलच्या हिशोबानं पडलेलं असतं.

आपल्याकडे बुलेटसोबत अमाल कार्बोरेटर आला. तीन ब्रिटिश कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन १९२७ मध्ये अमाल झाली होती, आणि मद्रासला एनफिल्ड १९५५ पासून. म्हैसूरच्या जावा-येझदीवर यिकॉव्ह असायचा. खरा बदल १९८४ ते ८६ दरम्यान झाला. सुझुकी, होंडा, यामाहा आणि कावासाकी या चार जपानी कंपन्या भारतीय भागीदारांसोबत १०० सीसीच्या गाड्या घेऊन उतरल्या, आणि मिकुनी-केहिन ही कार्बोरेटरची नावं गॅरेजांत रुळली. त्यानंतर गाडी घेताना पहिला प्रश्न एकच: ॲव्हरेज किती? मग मिश्रण जमेल तितकं पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, ठेवणं आलं. १९९६ आणि २००० चे प्रदूषणाचे नियम आले तसं ते आणखी आवळलं गेलं. म्हणजे आपली स्प्लेंडर मुळातच काटकसरीवर वाढलेली. हे कोणी फारसं लक्षात घेत नाही.

आणि त्यावर पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे उसापासूनचं अल्कोहोल, मिसळणं आलं. २००१ मध्ये त्याचे सुरुवातीचे प्रयोग झाले ते आपल्याच मिरज आणि मनमाडला, शिवाय उत्तर प्रदेशात बरेलीजवळ. २००३ मध्ये महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण ठरलं, २०२२ मध्ये देशानं १० टक्के गाठलं आणि २०२५ मध्ये २०. उजनीच्या पाण्यावर वाढलेला ऊस पंढरपूर-माळशिरसच्या कारखान्यांतून फिरून आपल्याच गाडीच्या टाकीत येतो. शेतकऱ्याच्या दृष्टीनं बरंच आहे. जेटला मात्र त्याचा पत्ता नाही.

हिशोब असा: एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला साधारण १३.५. भोक तेच राहिलं, तर हवा-पेट्रोलचं मिश्रण आठेक टक्के पातळ पडतं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे नवे नियम आले, कार्बोरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाड्यांना ऑक्सिजन सेन्सर मिळाला. तो हे आपोआप सावरतो. कार्बोरेटरला ती सोय नाही. त्यात थंडीत हवा दाट असते, इथेनॉल गारठ्यात नीट वाफ होत नाही, म्हणून जानेवारीतच त्रास जास्त. मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे गेला की हवा विरळ होते आणि मिश्रण थोडं जाड होतं. हिवाळ्यात केलेलं ट्युनिंग तेव्हा पुन्हा बघावं लागतं.

त्यामुळे नवा कार्बोरेटर निवडताना मोठ्या मापाचा मोह नको. गळा रुंद झाला की कमी रेसवर हवेचा वेग पडतो, पेट्रोल नीट ओढलं जात नाही आणि नव्या पेठेच्या गर्दीत गाडी बंद पडत राहते. कंपनीच्याच मापाचा घ्या, मेन जेट एक-दोन नंबर मोठा बसवा, नीडलची (पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सुईची) क्लिप एक खाच खाली घ्या. प्लगचं टोक पांढरं दिसलं तर अजून पातळ, काजळलं तर जाड, विटकरी-तपकिरी असेल तर हात लावू नका. स्क्रूचं मात्र सांभाळून: एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू आत फिरवला की मिश्रण जाड होतं, इंजिनच्या बाजूचा मात्र बाहेर काढला की जाड होतं. ‘दीड आटा सोड’ म्हणणारा कोणता स्क्रू सांगतोय, ते आधी विचारा.

जेट तारेनं कधीच साफ करू नये, भोक मोठं होतं. हवेचा झोत पुरे. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटी खालच्या स्क्रूनं रिकामी करावी, कारण इथेनॉल हवेतली ओल धरतं आणि ॲल्युमिनियमवर पांढरा थर बसतो. जुन्या रबरी ओ-रिंगा फुगतात. त्या बदलताना दुकानदाराला इथेनॉल सोसणाऱ्याच मागाव्यात.